पाचवी तळटीप

जेवण झाल्यावर अक्कानं ताटात पाणी ओतलं, चार बोटांनी ताट कडेपासून मध्यापर्यंत धुतलं, आणि चटणीचा लाल तवंग आलेलं, भाताची दोन शितं तरंगणारं ते पाणी, ताट दोन्ही हातांनी ओठाला लावून, पिऊन टाकलं. मग पदरानं ताट पुसून भिंतीशी उभं केलं. झालं ते एवढंच. चैत्रातला रविवार होता, गिरणीचा भोंगा नव्हता, माजघरात आम्ही तिघं भावंडं जेवायला बसलो होतो: मी, माझा धाकटा भाऊ कल्लप्पा आणि आमची थोरली बहीण ईरम्मा, म्हणजेच अक्का. अक्काला हल्ली नीट दिसत नाही. अक्कलकोटच्या पलीकडच्या तिच्या गावाहून ती डोळे दाखवायला आली होती, आणि डॉक्टरनं मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणून परत पाठवली होती. माझी सून विजयमाला वाढत होती. तिनं ते पाणी पिणं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती आत पळाली; आतून हसण्याचा आवाज आला. कल्लप्पा मोठ्यानं हसला. "अक्का, सोलापुरात नळाला पाणी हाय की. ताटातलं कशाला पितीस?" माझी बायको रत्नम्मा समजूतदार आहे, ती म्हणाली, "त्यांच्याकडं पाण्याचे लई हाल. सवय लागली असंल." आणि मी, चोपन्न वर्षांचा, हायस्कुलातला मास्तर, चार बुकं जास्त वाचलेला माणूस, मी विद्वानाच्या सुरात म्हणालो, "सासरकडची रीत असणार. आडबाजूच्या गावात माणसं एकटी पडली, शेजार परका असला, की अशा नव्या रीती शिरतात." अक्कानं आवाजाच्या रोखानं माझ्याकडं तोंड वळवलं. "सासरची कुटली रं? आपल्या अव्वाची हाय की ही." अव्वा म्हणजे आमची आई. कल्लप्पा हात धुवायला उठला, रत्नम्मानं ताक आणलं, बोलणं दुसरीकडं गेलं. मी मात्र खरकटा हात तसाच धरून बसून राहिलो. हातावरचं अन्न वाळून कातडी ओढल्यासारखी व्हायला लागली तरी मला उठवेना. अक्काच्या बोलण्यापेक्षा माझ्याच बोलण्यानं मला धक्का बसला होता. ते वाक्य मी पूर्वी लिहिलं होतं. जवळजवळ तेच शब्द, इंग्रजीत, छापलेले, त्या घटकेला माझ्या खोलीत ट्रंकेवर पडलेले होते.

ट्रंकेवर माझ्या लेखाची मुद्रितं होती. मुंबईच्या एका विद्वत्सभेच्या त्रैमासिकानं माझा लेख घेतला होता, आणि संपादकांनी कळवलं होतं की तपासलेली मुद्रितं मंगळवारपर्यंत त्यांच्या हातात पडली पाहिजेत, नाहीतर अंक लेखाशिवाय निघेल. म्हणजे सोमवारच्या टपालात ती पडायला हवीत. येत्या जूनमध्ये मी नोकरीतून निवृत्त होणार. हेडमास्तरांनी ठरवून टाकलं होतं की निरोपाच्या सभेत तो अंक टेबलावर ठेवायचा, पानं उघडून, म्हणजे पोरांना कळेल की आपल्या शाळेतला मास्तर मुंबईच्या पंडितांत छापून आला. अकरा वर्षांचं काम होतं ते. या अकरा वर्षांत मी लग्नांना गेलो नाही, बारशांना गेलो नाही, गड्ड्याच्या जत्रेतसुद्धा मी खोलीत बसून चिठ्ठ्या लावत असे. लोक मला तोंडावर रुद्रप्पा मास्तर म्हणत आणि पाठीमागं बेटांचे मास्तर. समुद्र मी एकदाच पाहिला आहे, मुंबईला, आणि तोही लांबून. पण आफ्रिकेच्या कडेला असलेल्या मादागास्कर बेटापासून थेट पूर्वेला, अमेरिकेच्या अलीकडच्या एकुलत्या बेटापर्यंत, दोन महासागरांत पसरलेल्या हजारो बेटांवरची माणसं एकाच आईच्या लेकी असलेल्या भाषा बोलतात, हे एका पाद्र्यानं मला सांगितलं त्या दिवसापासून दुसरं काही मला गोड लागेना. त्याच्याकडं त्या बेटांच्या भाषांतली शुभवर्तमानं होती. मजकूर एकच, भाषा निराळ्या. ओळीखाली ओळ लावली की शब्द आपोआप सापडतात. पाचाला लिमा. इकडं लिमा, हजार कोसांवर लिमा, आणखी पुढं रिमा. डोळ्याला माता, सातला पितू. शाळेतले मराठीचे शिक्षक धोंडीराम विचारत, "मास्तर, डोळ्याला माता आणि सातला पितू, मग तुमच्या बेटांवर आईबापाला काय म्हणतात हो?" सगळी स्टाफरूम हसे. मीही हसत असे. हसताना मनात म्हणे, थांबा, छापून येऊ दे.

माझी पद्धत साधी होती आणि मला तिचा अभिमान होता. कल्लप्पाचं सुताचं दुकान. तिथल्या पुठ्ठ्याच्या जुन्या खोक्यांच्या मी चिठ्ठ्या कापल्या. एका चिठ्ठीवर एका भाषेतला एक शब्द. जमखाना अंथरायचा, त्यावर शब्दाशब्दाच्या ओळी मांडायच्या, आणि कोणत्या दोन भाषांचे किती शब्द जुळतात ते मोजायचं. ज्यांची जुळणी जास्त त्या सख्ख्या, ज्यांची कमी त्या चुलत. जिची कोणाशीच नीट जुळत नाही, ती बिघडलेली. थोरा-मोठ्यांनी या कुळाच्या तीन फांद्या आधीच पाडलेल्या होत्या: पश्चिमेची बेटं, मधली बेटं, आणि पूर्वेच्या अफाट समुद्रातली बेटं. माझं म्हणणं होतं फोर्मोसाबद्दल. चीनच्या कुशीला असलेलं, जपानच्या अमलाखालचं ते बेट कोणी फारसं मोजत नसे. त्याच्या डोंगरात राहणाऱ्या एका टोळीच्या शब्दांची एक यादी माझ्या हाती आली ती कापसामुळं. आपल्याकडचा कापूस घ्यायला एक जपानी गृहस्थ सोलापूरला येत. त्यांचा भाऊ फोर्मोसात अंमलदार होता. कल्लप्पानं ओळख करून दिली, मी हात जोडून मागितलं, आणि वर्षाभरानं एकशे बारा शब्दांची यादी आली, बारीक, नेटक्या अक्षरात. ती मी कितीतरी दिवस उशाशी घेऊन झोपलो. त्या यादीच्या जोरावर मी लेखात फोर्मोसा पश्चिमेच्या फांदीला जोडलं आणि एक सुबक वृक्ष काढला: वर आई, खाली तीन फांद्या, आणि पहिल्या फांदीच्या टोकाला एक नवी डहाळी, माझी. सगळं जुळत होतं, फक्त एका ठिकाणी खडा लागत होता. डोळ्याला सगळी बेटं माता म्हणत असताना ही डोंगरी माणसं मात्सा म्हणत होती. आणखीही सात-आठ शब्दांत जिथं सगळ्यांचा त, तिथं यांचा त्स. त्या खड्यासाठी मी पाचवी तळटीप लिहिली. मराठीत सांगायचं तर: हा त्स मूळचा नव्हे, एकाकी वस्ती आणि परक्यांचा शेजार यांमुळं शिरलेला तो अलीकडचा बिघाड आहे. ती टीप लिहून मला झोप छान लागली होती.

दुपारी मी खोलीत जमिनीवर पडलो. फरशी पाठीला गार लागते म्हणून उन्हाळ्यात मी तसाच पडतो. शेजारच्या गल्लीत पद्मसाळ्यांचे माग रविवारीही चालू होते, धोटा इकडून तिकडं जात होता, मध्येच कोणीतरी तेलुगूत कोणावर तरी ओरडत होतं. अव्वाची. आपल्या अव्वाची. मी अव्वाला जेवताना आठवायला लागलो, आणि मला ती आठवेना. वाढताना आठवत होती, चुलीपुढं आठवत होती, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन डोळे मिटून बसलेली आठवत होती. जेवताना मात्र नाही, कारण ती आम्हां सगळ्यांच्या मागून जेवायची आणि तोवर आम्ही उठून गेलेलो असायचो. मग मी आणखी मागं गेलो, या घराच्या आधीच्या, मंगळवार पेठेतल्या दोन खणांच्या घरात. तिथं जागाच इतकी कमी की सगळे एकमेकांच्या देखतच जेवत. आणि तिथं ती दिसली. ताट ओठाला लावलेली. गळा वर झालेला, घोट घेताना गळ्याची शीर हलायची ती सुद्धा दिसली. आमच्यात अन्न म्हणजे प्रसाद. लिंगाला दाखवायचं, मग खायचं, आणि त्यातला कण टाकायचा नाही म्हणून ताट धुवून ते पाणीही प्यायचं. अव्वा प्यायची, अप्पा प्यायचे, मी प्यायचो. मी! ती खारट, तिखट, कोमट चव माझ्या जिभेवर चढली, चाळीस वर्षांनी, आणि मी उठून बसलो.

मग पुढचंही आठवलं. ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं मला त्या वेळी वाटलं. मी तेरा वर्षांचा होतो, इंग्रजी शाळेत नुकता गेलो होतो, आणि महिपती नावाचा माझा एक वर्गमित्र होता. त्याचा बाप कचेरीत मोठा कारकून. महिपती इस्त्रीचा कोट घालून शाळेत यायचा. त्याला मी जेवायला बोलावलं. अव्वानं होळगी, म्हणजे पुरणपोळी, केली, तूप वाढलं. सगळं ठीक झालं, आणि शेवटी अप्पांनी ताट धुवून पाणी प्यायलं. महिपती हात धुऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र त्यानं पाटी दोन्ही हातांनी ओठाला लावून घटघट पिण्याचं सोंग केलं आणि सगळा वर्ग लोळला. मी घरी येऊन जेवलो नाही. अव्वा जवळ येऊन बसली. मी तिला सांगितलं, हे ताट धुवून पिणं बंद करा, रानटी दिसतं, लोक हसतात. रानटी हाच शब्द होता, नवीनच शिकलेला. अव्वा माझ्याकडं बघून म्हणाली, बरं. एवढंच. तिनं वाद घातला नाही, रागावली नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी ताट धुवून प्यायलं नाही. अप्पा दोन वर्षांनी गेले. रीत सुटली तेव्हा कल्लप्पा चार वर्षांचा. त्याला ते आठवण्याचं कारणच नाही, तो हसला ते अगदी प्रामाणिकपणे हसला. पुढं रत्नम्मा आली ती आमची रीत शिकली, विजयमाला आली ती बार्शीची, तिला कानडीसुद्धा येत नाही. तिच्यासाठी घराची बोली मराठी झाली. एकानं लाजेपोटी टाकलं, बाकीच्यांनी त्याच्या मागून टाकलं, आणि टाकलं होतं हेच सगळे विसरले. अक्का यात नव्हतीच. तिचं नवव्या वर्षी लग्न झालं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. ती गेली ती आमच्या अव्वाची रीत पदरात बांधून गेली आणि तिथं पन्नास वर्षं ती पाळत बसली. आणि आज आम्ही सगळे मिळून, संख्येनं जास्त म्हणून, तिलाच हसलो. बदललो आम्ही आणि बिघडलेली ठरली ती.

ट्रंकेवरची मुद्रितं मी खाली घेतली.  मी माता आणि पितू या दोन्ही शब्दांच्या चिठ्ठ्या काढून जमखान्यावर मांडल्या. सगळ्या बेटांवर डोळ्यातला त आणि सातातला त एकच. डोंगरी यादीत डोळा मात्सा, पण सात? सात पितूच. बिघाड शिरला होता तर तो डोळ्यात शिरला आणि सातात का नाही शिरला? हे मला पूर्वी दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं, आणि मी समासात पेन्सिलीनं 'अनियमित' असं लिहून पुढं गेलो होतो. एकटी पडलेली माणसं, म्हटलं, त्यांना कसला नियम. आता दिसलं ते इतकं सरळ होतं की मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन घागरींचं पाणी एका हंड्यात ओतलं की ते पुन्हा कोणी वेगळं करू शकत नाही. आईपाशी हे दोन उच्चार वेगळेच असणार. डोंगरातल्यांनी ते वेगळे ठेवले. बाकी सगळ्यांनी, फिलिपाईनपासून मादागास्करपर्यंत आणि पार पूर्वेच्या शेवटच्या बेटापर्यंत सगळ्यांनी, ते एकात मिसळले. आणि एवढ्या सगळ्यांनी वेगवेगळे बसून तेच मिसळणं शक्य नाही. ते एकदाच झालं असणार, समुद्रावर पांगण्याच्या आधी, ती सगळी एका घरात राहत होती तेव्हा. म्हणजे ज्या तीन फांद्या आपण सगळ्यांत जुन्या समजतो त्या जुन्या नाहीतच. दोन महासागर व्यापून बसलेली ती सगळी गर्दी एकाच घरातली. आणि पहिली फूट तिच्या कितीतरी आधीची, त्या लहानशा बेटावर पडलेली. माझ्या वृक्षात पहिल्या फांदीच्या टोकाला लोंबणारी ती डहाळी वास्तविक बुंध्याशीच निघायला हवी होती. एवढंच नाही. आईचं जे ज्यांनी ज्यांनी जपलं ते त्यामुळं एकमेकांचे सख्खे होत नाहीत. अक्कानं आणि तिच्या गावच्या दहा घरांनी ताट धुवून प्यायलं म्हणून ती अकरा घरं एका कुळातली ठरत नाहीत. मिळून काय बदललं त्यावरच सोबत कळते. फोर्मोसाच्या डोंगरातल्या टोळ्या मिळून एक फांदी की पाच की दहा, हे माझी एकशे बारा शब्दांची एका टोळीची यादी कधीच सांगू शकणार नव्हती. हा नियम मला ठाऊक नव्हता असंही नाही. जर्मन पंडितांचा तो नियम मी बुकात वाचला होता, खाली तांबडी रेघ मारली होती, आणि मग शांतपणे अकरा वर्षं जुळणी मोजत बसलो होतो. आमच्या घरातच ज्याची शिकवण झाली नाही ती बुकातून कुठली व्हायला.

ऊन उतरल्यावर मी परसात गेलो. अक्का जोत्यावर बसून सुपातले शेंगदाणे निवडत होती, दिसत नसल्यामुळं बोटांनी, एक एक दाणा चाचपून. खवट दाणा ती वासावरून बाजूला टाकत होती. मी तिच्या शेजारी बसलो. तिच्या सुपातले चार दाणे मीही निवडले. शेवटी म्हणालो, "अक्का, तू म्हणालीस ते खरं. ती अव्वाचीच रीत."

"मग? मी लबाड बोलती व्हय?"

"अव्वानं ती सोडली होती. माझ्यामुळं. शाळेतली पोरं हसली म्हणून मी तिला नको म्हणालो होतो." मी सगळं सांगितलं, रानटी हा शब्दसुद्धा.

अक्काची बोटं थांबली नाहीत. "ठावं हाय की मला," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. हसत सांगायची. रुद्राला लाज वाटती म्हणायची, सायबाच्या शाळंत जातंय लेकरू, वाटायचीच. तुझ्यावर कदी राग न्हवता तिचा, तम्मा." कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं तम्मा ती मला अजून म्हणते. मग सूप पाखडून ती म्हणाली, "पर सोडलं कुटं तिनं? हितं सोडलं. माझ्याकडं दर साली पंदरा दीस यायची की न्हाय, वैशाखात? आली की पयल्या दिशी पयलं ताट धुऊन प्यायची. डोळं मिटून. मग ताट खाली ठिवून म्हणायची, ईरी, लई दिसांनी जेवल्यागत वाटलं बघ."

मी विचारलं, "किती वर्षं?"

"मरंपत्तोर," अक्का म्हणाली, आणि पुढचा दाणा उचलला.

मी हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. पस्तीस वर्षं. पस्तीस वर्षं अव्वा माझ्या घरात रोज दोन वेळा जेवली. मी तिला कधी काही कमी पडू दिलं नाही असं मी चारचौघांत सांगत असे. आणि वर्षातून पंधरा दिवस तिला जेवल्यासारखं वाटत होतं. वैशाखात ती जायला निघाली की मी कुरकुरत असे, एवढ्या उन्हात त्या खेड्यात काय ठेवलंय म्हणून. सहा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा अक्काला तार केली खरी, पण तिच्यासाठी थांबलो नाही. थांबावं का असं कल्लप्पानं विचारलं होतं. मी म्हणालो, तिचं घर निराळं, तिला यायला उद्याची संध्याकाळ होईल, आपण घरचे सगळे आहोत. घरचे! आम्ही आमच्यातल्या रीतीनं अव्वाला पुरून आलो, आणि दुसऱ्या दिवशी अक्का दारात येऊन उभी राहिली तेव्हा विजयमालेनं तिच्या पायांवर पाणी घातलं, पाहुणीच्या घालतात तसं. ती तेव्हा काही बोलली नाही. आत्ताही बोलत नव्हती. मला वाटत होतं तिनं एकदा शिवी द्यावी. मी तिच्या पायाला हात लावला, तर ती म्हणाली, "काय करतोस, दाणं सांडतील की."

दिवेलागणीच्या आधी मी रत्नम्माला सांगितलं की लेख मी मागं घेतोय. ती पोळपाट पुसत होती, तसाच खाली ठेवला. "म्हणजे?" मी समजावून सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, एक टीप चुकली तर खोडा की. बाकीचं छापू दे." मी म्हणालो, टीप काढली की वृक्ष पडतो. "मग नवा काढा." मी सांगितलं, नव्याला माझ्यापाशी एकच यादी आहे, त्यावर कोणी प्रामाणिक माणूस वृक्ष काढणार नाही, मला आत्ता कळलंय ते खरं आहे असं मला वाटतं, पण वाटण्याला मुंबईचे लोक लेख म्हणत नाहीत. तिचे डोळे भरून आले. "अकरा वर्षं. नातवाच्या अय्याचाराला, लिंगदीक्षेला सुद्धा तुमी चिठ्ठ्या घेऊन बसला होता. त्या धोंडीराम मास्तरांना आता काय सांगणार तुमी?" काही सांगणार नाही म्हणालो. ती चिडली. इतकी चिडलेली मी तिला फार दिवसांनी पाहिली. "कोण कुठली ती माणसं, समुद्रापल्याडची. डोंगरात बसल्यात. त्यांना तुमी बिघडलेलं म्हणला काय आन् न्हाई म्हणला काय, त्यांना कळणार हाय का?" ती खरं बोलत होती. त्यांना कळणार नव्हतं. अव्वालाही आता कळणार नव्हतं. मी म्हणालो, "मला कळलंय." ती आत गेली, आणि भांड्यांच्या आवाजावरून मला कळत होतं की ती रडतेय. तिच्यासाठी तो लेख म्हणजे तिनं एकटीनं उरकलेली सगळी लग्नं आणि सगळी आजारपणं होती, त्यांचं काहीतरी चीज झालं असं तिला एकदा बघायचं होतं. मी तेही तिच्याकडून काढून घेत होतो. मला तिची कीव आली आणि स्वतःचीही, आणि त्या दोन्हींत मला फरक करता आला नाही.

सोमवारी सकाळी संपादकांना पत्र लिहिलं. चार ओळींचं. मुद्रितं परत पाठवीत आहे, लेखाचा आधारच चुकीचा असल्याचं माझ्या ध्यानात आलं आहे, कृपया छापू नये, तसदीबद्दल क्षमा असावी. का चुकीचा ते लिहिलं नाही. मी ताटाची गोष्ट लिहिली असती तर त्यांना वाटलं असतं सोलापूरच्या उन्हानं मास्तराचं डोकं फिरलं. पाकीट टपालाच्या खिडकीत दिलं तेव्हा हात हलका झाला असं मला म्हणता येणार नाही.  तिथंच भिंतीला टेकून मी थोडा वेळ उभा राहिलो. तिथून शाळेत गेलो, परीक्षा संपलेल्या होत्या, हेडमास्तरांकडं चार दिवसांची रजा मागितली. ते म्हणाले, "घ्या घ्या, आणि अंक आला की आधी मला दाखवा." मी लेख मागं घेतल्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "बरं," म्हणाले. सभेत टेबलावर काय ठेवायचं याचा ते विचार करत असावेत. शेवटी म्हणाले, "हार तर आहेच."

दुपारच्या पॅसेंजरनं अक्का परत जायची होती. कल्लप्पा तिला गाडीत बसवायला आला होता. मी पिशवी घेऊन आलेला पाहून तो म्हणाला, "अण्णा, तुमी कुटं?" मी म्हणालो, अक्काकडं. तो बघतच राहिला. पन्नास वर्षांत मी तिच्या गावी दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा मयतीला. डबा तापला होता, लाकडी बाकाला हात लावता येत नव्हता. अक्काला मी खिडकीशी बसवलं आणि शेजारी बसलो. तिनं हात पुढं करून माझा दंड चाचपला.

"कोन, तम्मा? उतर, गाडी सुटंल."

"मी येतोय तुझ्याबरोबर. चार दिवस." गाडीची शिट्टी झाली, म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, "अव्वा तुझ्याकडं आणखी काय काय करायची, काय बोलायची, ते सगळं मला सांग. मला काहीच माहीत नाही."

 गाडी हलली, कल्लप्पा खिडकीबरोबर चार पावलं चालला आणि मागं पडला. अक्काचा हात माझ्या दंडावर तसाच होता.

"पस्तीस साल तुझ्यापशी होती ती," ती म्हणाली. "तू कदी इचारलं न्हाईस की रं." मग बऱ्याच वेळानं, बाहेर तोंड करून, "आता मला इचार. तिला इचारायचं तुझं ऱ्हायलं."